वाचनालय उघडं असतं तेव्हा आपण ओट्याशी

वाचनालयाची वेळ : सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांच्या पाट्यांवर थोड्याफार फरकाने हेच लिहिलेलं असतं. मैत्रिणींनो, या वेळा नेमक्या कुणाच्या सोयीच्या? सकाळी आठला आपले डबे, पाणी, शाळेची रिक्षा. संध्याकाळी पाचनंतर चहा, मुलांचा अभ्यास, कुकर. दुपारी दोनला तासभर मोकळा मिळतो तेव्हा वाचनालयाला कुलूप! त्यातून दारातच पेपर वाचणाऱ्या पुरुषमंडळींचं लांबलचक टेबल. ते ओलांडून आतल्या कपाटापर्यंत जायचं म्हणजे नव्या सुनेची परीक्षाच.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ताई ग्रंथपाल आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेल्या, तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या. काही वर्षांपूर्वी सभासदांची यादी काढली तर बायकांची नावं बोटावर मोजण्याइतकी उरलेली. ज्या होत्या त्यांचीही पुस्तकं नवरा नाहीतर मुलगा बदलून आणायचा, म्हणजे निवड त्याचीच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार आपल्याकडे वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जावर अनुदान ठरतं. सभासद आटले, दर्जा घसरला, तर अनुदान कमी. अनुदान कमी झालं की पहिली कात्री पुस्तकखरेदीला आणि दुसरी ताईंच्या पगाराला. तेव्हा ताईंनी जे काही सुरू केलं ते हौस म्हणून नव्हे, वाचनालय टिकावं म्हणून.

हातात मुलाचा जुना स्मार्टफोन होता. आधी त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप करायचं ठरवलं, पण बायकाच नको म्हणाल्या. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि घरी ते चालत नाही. मग भाचीने ब्रॉडकास्ट लिस्ट दाखवली. त्यात निरोप प्रत्येकीला वेगळा जातो, कुणाचा नंबर कुणाला कळत नाही. अट एकच : तुमचा नंबर तिने फोनमध्ये साठवलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. ताईंनी हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला जाऊन स्वतः एकेकीच्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला. मी सोबत होते म्हणून सांगते, हे काम कुठल्याही ॲपपेक्षा जास्त वेळखाऊ होतं.

आता दर मंगळवारी दुपारी दोनला त्यांचा आवाज येतो. तीन-चार मिनिटांचा. एका पुस्तकाबद्दल. जाहिरातीसारखं काही नाही. शेजारीण कुंपणावरून सांगते तसं. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'बद्दल बोलताना त्यांनी पुस्तकाआधी फलटणचं छोटं दुकान सांगितलं. दुकानात पुड्या बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचता वाचता ती बाई लिहू लागली आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तक आलं १९८६ मध्ये. त्या मंगळवारनंतर चार जणींनी ते मागितलं. त्यातली एक खानावळीला भाकऱ्या करून देते. सातवीपर्यंत शिकलेली. भाकऱ्या थापताना तिने आवाज ऐकला होता. तिने अडखळत, महिनाभर लावून पुस्तक संपवलं आणि परत देताना विचारलं, 'ताई, बायांनी लिहिलेलं असं अजून काय हाय?'

या एका प्रश्नापायी ताई खऱ्या अर्थाने इंटरनेटवर शोधाशोध करू लागल्या. आपल्या कपाटात नसलेली पण हक्काने फुकट वाचता येणारी मराठी पुस्तकं किती आहेत, हे मलाही तेव्हाच कळलं. विकिस्रोत म्हणून विकिपीडियाचंच भावंड आहे, त्यावर स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या ग्रंथांची पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलीत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तयार होऊ लागलेला मराठी विश्वकोश आता फोनवर उघडतो. मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून. त्यावर मराठी गोष्टीही आहेत, चित्रांसकट.

शोधायलाही युक्ती लागते बरं का. 'स्मृतिचित्रे' हे नाव कुणी ऱ्हस्व 'ति' लिहून चढवतं, कुणी दीर्घ 'ती'. एका वेलांटीपायी पुस्तक सापडत नाही. ताई दोन्ही प्रकारे शोधतात आणि स्वतःच्या संगणकातल्या यादीतही दोन्ही रूपं टाकतात. जुन्या यादीची तर आणखीच गंमत. ती कुणीतरी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली, त्यामुळे फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती सगळी युनिकोडमध्ये पुन्हा उतरवायला दोन पावसाळे गेले. फोनशी बोलून मराठी टाइप होतं हे कळल्यावर वेग वाढला, पण 'खांडेकर'चे 'खाणेकर' होतात म्हणून प्रत्येक ओळ तपासावी लागते. आता त्यांना ही यादी 'कोहा'त घालायची आहे. हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या वाचनालयासाठी तयार झालं, २००० साली वापरात आलं आणि जगाला फुकट दिलं गेलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, आहेर. आपल्यासारखंच त्यांच्याकडेही आहेराची परतफेड अपेक्षित असते म्हणे!

भाकरीवाल्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जी यादी निघाली ती तुम्हालाही सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला, तेव्हा ही बाई काही वर्षं वेगळी राहिली, आणि ते सगळं सांगते मात्र हसत-हसवत. रमाबाई रानडे यांचं १९१० चं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. न्यायमूर्ती शिकवायचे आणि घरातल्या बायका त्या शिकण्यावरून छळायच्या. ते वाचून एक मैत्रीण म्हणाली, 'एमएससीआयटीच्या क्लासला मी जाते तेव्हा आमच्याकडे अजून हेच होतं.' आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ चं. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी झालेली शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर घेतलेलं तोंडसुख, यावर संतापून लिहिलेलं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. चार पानं नेट लावून वाचा, मग ती बाई तुम्हाला सोडत नाही. माझ्या मते ही यातली पहिली वाचावी. ताई म्हणतात शेवटी. हा वाद मिटलेला नाही.

ही तिन्ही फुकट. पण विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' नाही. पुस्तक १९३३ चं, म्हणजे इतकंच जुनं, तरी नाही. कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, आणि त्या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर २००१ मध्ये गेल्या. हिशेब केला तर २०६१ संपेपर्यंत.

यावरूनच एकदा खटका उडाला. एका सभासद बाईने नव्या, गाजत असलेल्या कादंबरीची पीडीएफ ताईंना पाठवली आणि 'सगळ्यांना टाका' म्हणाली. ताईंनी नाही टाकली. 'वाचनालयही फुकटच देतं की पुस्तक,' ती चिडून म्हणाली. ताईंनी रजिस्टर उघडून त्याच लेखिकेच्या आधीच्या कादंबरीची नोंद दाखवली : बिल नंबर, किंमत. 'ही प्रत आपण विकत घेतली. एका वेळी एकीच्याच घरी जाते. तुमची ती पीडीएफ शंभर जणींकडे गेली तर लिहिणारीच्या हाती काय?' बाई दोन महिने फिरकल्या नाहीत. नंतर आल्या, त्या कादंबरीसाठी वाट पाहणाऱ्यांच्या यादीत नाव लावून गेल्या. पाचवा नंबर.

हल्ली एआयचंही कौतुक चाललंय. ताईंनी त्यालाही विचारून पाहिलं : एकट्या आईने मुलं वाढवली अशा मराठी कादंबऱ्या सांग. झरझर पाच नावं आली. त्यातल्या दोन कुणी लिहिलेल्याच नव्हत्या! लेखिका खऱ्या, पुस्तक खोटं, वर कथानकही रंगवून सांगितलेलं. तेव्हापासून फोनने सुचवलेलं कुठलंही नाव त्या आधी ग्रंथसूचीत किंवा प्रकाशकाच्या यादीत ताडून पाहतात. विशीतल्या मुलींनाही हेच शिकवतात.

सध्या त्यांनी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' लावलंय. पुस्तक मराठी महिन्यांप्रमाणे चालतं, म्हणून ताईही महिन्याला एकच प्रकरण सांगतात. सारांशच सांगतात, पान वाचून दाखवत नाहीत. तोही हक्काचाच प्रश्न. मग कुणी पांगाऱ्याचा फोटो पाठवतं, कुणी विचारतं हे कुठलं झाड. नगरपालिकेच्या बागेमागे काय काय फुलतं हे त्या निमित्ताने कळलं.

आणि हो, दुपारी एक ते तीन वाचनालय फक्त बायकांसाठी उघडतं, बुधवारी आणि शनिवारी. त्या जादा वेळेचे पैसे ताईंना मिळत नाहीत. फोनचं रिचार्जही त्या पदरचंच मारतात. हा खर्च कार्यकारी मंडळाने द्यावा असं मी गेल्या सभेत मांडलं. विषय पुढच्या सभेवर ढकललाय. ती सभा सकाळी दहाला आहे. तरी आम्ही नऊ जणी जाणार आहोत.