बेस कटर म्हणजे काय?

(ऊस विकास विभागाकडून)



अकोट भागातील गटसभांतून आम्हांस एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "साहेब, मशीनवाला बेस कटर, बेस कटर म्हणते, ते काय हाय?" प्रश्न रास्त आहे. ड्रायव्हर म्हणतो, बेस कटर याहून खाली जात नाही. सभासद म्हणतो, माझे बूड वावरातच राहिले. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. शब्दाचा अर्थ नीट कळला तर निम्मी भांडणे धुऱ्यावरच मिटतील, म्हणून हा लेख.

प्रथम एक घोटाळा दूर करू. 'कटर' हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो. कारखान्यात गव्हाणीवरचा ऊस मिलमध्ये जाण्यापूर्वी ज्या फिरत्या सुऱ्यांखाली बारीक होतो, तो केन कटर. तोडणी यंत्राच्या पोटात उसाचे वीतभर तुकडे करतो, तो चॉपर. आणि यंत्राच्या तोंडाशी, जमिनीलगत, उभा ऊस बुडातून कापतो, तो बेस कटर. बेस म्हणजे बूड. बूड कापणारा तो बेस कटर.

टोळीत हेच काम कोयता करतो. टोळीची मोजदादही कोयत्यावरच, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता धरणारा माणूस वाकून, चढ-उतार पाहून घाव घालतो. बेस कटरला ते दिसत नाही. ड्रायव्हर ज्या उंचीवर धरील त्या उंचीवर तो कापीत जातो. ही उंची ड्रायव्हरला वर-खाली करता येते, पण प्रत्येक बेटाला वेगळी करता येत नाही.

त्याची रचना अशी. दोन गोल चकत्या शेजारी शेजारी असून त्या एकमेकींकडे, आतल्या बाजूस फिरतात. चकत्या पुढे किंचित झुकलेल्या असतात. प्रत्येकीच्या कडेला पोलादी पाती बोल्टने बसविलेली असतात. यंत्र आधी ऊस पुढे लववते, बेस कटर तो बुडाशी कापतो, आणि कापलेले बूड आधी आत ओढले जाते. पाती झिजली की उलटून लावता येतात, सर्व कडा झिजल्या की बदलावी लागतात.

पात्याचे महत्त्व वऱ्हाडातील शेतकऱ्यास सांगायला नको. वखराची पास बोथट झाली की गवत कापले जात नाही, ओढले जाते. इथेही तेच. समजा चकती मिनिटाला ६०० फेरे घेते आणि तिला ५ पाती आहेत, म्हणजे मिनिटाला ३,००० घाव. यंत्र ताशी ४ किलोमीटर चालले तर दर सव्वादोन सेंटिमीटरला एक घाव पडतो. ड्रायव्हरने घाई करून ताशी ८ किलोमीटर पळविले की प्रत्येक पात्याच्या वाट्याला दुप्पट ऊस येतो. त्यात पाते बोथट असेल तर बुडखा चिरतो, कधी बेटच मुळासकट हलते. त्या जागी खोडव्यात नांग्या पडतात.

आता उंचीचा हिशेब पाहू. एकरी ४० टन ऊस आहे आणि तो सरासरी ८ फूट, म्हणजे ९६ इंच उंच आहे असे धरा. बेस कटर २ इंच वर चालला तर ४८ वा भाग वावरात राहिला. हे झाले सव्वाआठ क्विंटल. केंद्र शासनाने २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये दर ठरविला. त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी, एकरी सुमारे २,९०० रुपये मातीत राहतात. बूड जाड असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिकच. शिवाय पक्व उसात बुडाकडे साखर जास्त असते, म्हणजे कारखान्याचेही नुकसान. आणि उंच राहिलेल्या बुडख्यावरील डोळ्यांतून येणारे कोंब कमजोर निघतात, ते वेगळेच.

मग बेस कटर जमिनीत घुसवून चालवावा काय? तेही नाही. पाती मातीत गेली की ती लवकर झिजतात, बेटे उखडतात, आणि उसाबरोबर माती गव्हाणीत येते. यंत्राच्या उसाला पाचटापोटी वजनात कपात होते, हे सभासदांना खुपते. त्यात मातीची भर पडली तर कपात कमी करा म्हणायला आपणास तोंड राहत नाही.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. एका सभासदाच्या ३ फुटी सरीच्या फडात आमच्या विभागाने यंत्र घातले. सऱ्या मोजायच्या राहून गेल्या होत्या. चाके बेटांवरून गेली, आणि बेस कटर एका ओळीत वर, तर दुसरीत मातीत चालला. त्या सभासदाचा खोडवा विरळ आला. दोष यंत्राला दिला गेला, पण तो मापाचा होता आणि माप घेणे आमचे काम होते. तेव्हापासून सरी मोजल्याशिवाय आम्ही यंत्राची शिफारस करीत नाही.

यंत्रे आता वाढणारच. तोडणी मजूर पूर्वीसारखे मिळत नाहीत. राज्यात २०२३ पासून यंत्र खरेदीस किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते अनुदान देण्याची योजना आली. ऑस्ट्रेलियात तर १९७९ सालीच सगळा ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला. तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी लागवडीपासूनच ध्यानात घ्याव्यात.

१. सरी साडेचार ते पाच फूट ठेवा आणि सगळीकडे सारखी ठेवा.
२. मोठ्या बांधणीत वरंबा रुंद व एकसारख्या उंचीचा करा. बेस कटर वरंब्याच्या उंचीवर धरला जातो.
३. आडवे पाट व दांड तोडणीपूर्वी बुजवा. दगड, खुंट व ठिबकच्या नळ्या काढून घ्या.
४. आपल्या काळ्या जमिनीत तोडणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. ओल्या वावरात चाक रुतते आणि कापणीची उंची बिघडते.
५. यंत्र वळायला दोन्ही धुऱ्यांकडे जागा सोडा.

यंत्र वावरात आले की पहिली दोन तासे तोडून होताच मागे चालत जाऊन बुडखे पाहा. काप गुळगुळीत आणि जमिनीलगत असेल तर काम चालू द्या. बुडखे फाटलेले दिसले तर पाती पाहायला सांगा, वेग कमी करायला सांगा. बुडखे उंच असतील तर कटर खाली घ्यायला सांगा. ड्रायव्हर ऐकत नसेल तर तिथेच गट कार्यालयास कळवा. सगळा फड तुटल्यावर केलेल्या तक्रारीने बूड परत मिळत नाही.