शाही मेजवानी आणि सव्वाशे ग्रॅम पाव

परदेश सहलीची जाहिरात वाचताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. जेवणाचं काय? उत्तरही ठरलेलं असतं. सोबत आपला महाराज असतो, त्याची भांडी-मसाले असतात, आणि दिवसभर राजवाडे बघून दमलेल्या मंडळींना रात्री गरम वरणभात मिळतो. यात हसण्यासारखं काही नाही. परक्या मुलुखात घरचा घास मिळाला की माणसाला बरं वाटतं. पण आज मी तुम्हाला याच्या अगदी उलट्या सहलीबद्दल सांगणार आहे. याही सहलीत सोबत स्वयंपाकातला जाणकार असतो, पण त्याचं काम वेगळं असतं. ज्या देशात आपण गेलो, त्या देशाचं ताट तो आपल्याला वाचून दाखवतो.

युरोप-अमेरिकेत अशा सहली बऱ्याच वर्षांपासून निघतात. दहा-वीस जणांचा छोटा गट, उत्तमातली उत्तम हॉटेलं, संग्रहालयात स्वतंत्र मार्गदर्शक, एखादी संध्याकाळ बॅलेची, आणि यजमान म्हणून टीव्हीवर गाजलेला एखादा शेफ. सकाळी तो गटाला मंडईत नेतो, दुपारी एखाद्या भटारखान्यात हात चालवायला लावतो, रात्री जेवणाच्या टेबलावर गोष्टी सांगतो. रशियात अशा सहलीचा मार्ग साधारणपणे मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग असा असतो. पैसे भरपूर मोजावे लागतात. मग एवढ्या पैशांत काय बघायचं आणि कोणती गोष्ट सुटू द्यायची नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात वाढण्याच्या पद्धतीपासून करू. मोठ्या हॉटेलात आधी सूप, मग मासे, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, असं एकेक करून येतं. आपण याला 'युरोपियन पद्धत' म्हणतो. मुळात ही रशियन पद्धत. पूर्वी फ्रान्समध्ये मेजवानीला सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. बघायला डोळे दिपत, पण तोंडात जाईपर्यंत अन्न गार होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाचे राजदूत कुराकिन यांनी पॅरिसमध्ये एकामागून एक गरम पदार्थ वाढण्याचा रिवाज रूढ केला, असं सांगतात. आजही त्याला फ्रेंचमध्ये 'रशियन वाढप' असंच नाव आहे. आपलं डावं-उजवं सांभाळून एकदम वाढलेलं ताट त्या मानानं जुन्या फ्रेंच रीतीला जवळचं.

दुसरी गोष्ट सॅलडची. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत अंडीविरहित मेयोनेझमध्ये कालवलेलं पांढरं 'रशियन सॅलड' हटकून असतं. रशियात त्याला 'ओलिव्हिये' म्हणतात. १८६०च्या दशकात मॉस्कोत 'एर्मिताझ' नावाचं झोकदार उपाहारगृह निघालं. तिथला शेफ ल्युसिएन ओलिव्हिये यानं ते बनवलं. त्यात शिकारीच्या पक्ष्याचं मांस होतं, नदीतल्या झिंग्यासारख्या क्रेफिशच्या शेपट्या होत्या आणि कुणालाही न सांगितलेला सॉस होता. पुढं १९१७ची क्रांती झाली. सरदार गेले, त्यांचे आचारी गेले, पण सॅलड राहिलं. पक्ष्याच्या जागी उकडलेलं सॉसेज आलं, क्रेफिशच्या जागी गाजर आणि डब्यातले मटार आले. श्रीमंतांच्या टेबलावरचा पदार्थ घराघरात गेला. आज नववर्षाच्या रात्री ओलिव्हिये नाही असं रशियन घर सापडणं कठीण.

हा बदल आपोआप झाला नाही. १९३६मध्ये सोव्हिएत सरकारचे अन्नमंत्री अनास्तास मिकोयान अमेरिकेला गेले आणि आइस्क्रीमपासून डबाबंद अन्नापर्यंतचे कारखाने बघून आले. १९३९मध्ये त्यांच्या खात्यानं 'रुचकर आणि आरोग्यदायी अन्नाचं पुस्तक' काढलं. पानोपानी गच्च भरलेल्या टेबलांची चित्रं! पुस्तक वाचणाऱ्या बाईला मात्र त्यातल्या निम्म्या वस्तूंसाठी रांगेत उभं राहावं लागे, आणि बरेचदा रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत वस्तू संपलेली असे. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते पुस्तक घरात जपलं गेलं. मॉस्कोत लाल चौकाला लागून असलेल्या 'गुम' या भपकेदार बाजारसंकुलात '५७ नंबरची स्तालोवाया' आहे. स्तालोवाया म्हणजे हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहायची खानावळ. त्या काळाची आठवण म्हणूनच ती सजवली आहे. शेफसोबतच्या एका रात्रीच्या मेजवानीइतकंच तिथलं दुपारचं जेवण शिकवून जातं.

आता एक नाजूक मुद्दा. 'रशियन जेवण' म्हणून जे समोर येतं, ते सगळं रशियन असतंच असं नाही. चीज भरलेला गरम खाचापुरी जॉर्जियाचा. मटणाचा प्लोव, म्हणजे आपल्या पुलावाचा भाऊबंद, उझबेकिस्तानचा. एका मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत चारी दिशांची चूल आली, आणि साम्राज्य गेल्यावरही ती राहिली. बिटाच्या लाल सुपाची, बोर्शची गोष्ट तर आणखी टोकाची आहे. युक्रेनचे लोक त्याला आपलं मानतात. १ जुलै २०२२ रोजी, युद्ध सुरू असताना, युनेस्कोनं युक्रेनी बोर्श शिजवण्याची परंपरा तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घातली. शेफ चांगला असेल तर तो हे लपवणार नाही. तुमच्या वाडग्यात काय आहे आणि ते कुणाच्या घरून आलं, हे तो सांगेल.

मॉस्कोहून पीटर्सबर्गला जाताना वेगवान गाडीला चारेक तास लागतात. वाटेत त्वेर नावाचं शहर लागतं. मराठी प्रवाशानं तिथं खिडकीबाहेर जरूर बघावं. याच गावचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या आधी, घोडा घेऊन आपल्या चौल बंदरात उतरला होता. त्याच्या टिपणांत राजेरजवाडे आहेत, तसं आपलं जेवणही आहे. हे लोक भात खातात, तूप घातलेली खिचडी खातात, उजव्याच हातानं जेवतात, सुरी-चमचा त्यांना ठाऊक नाही, असं तो नोंदवून ठेवतो. परका देश ओळखायचा तर ताटाकडे बघावं, हे त्याला कुणी शेफनं सांगितलं नव्हतं. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

शाकाहारी मंडळी आता विचारतील, आमचं काय? तर रशियन सनातनी चर्चच्या पंचांगात उपासाचे दिवस इतके आहेत की निम्मं वर्ष त्यात जातं म्हटलं तरी चालेल. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. मासे काही ठरावीक दिवशी चालतात. त्यामुळं अळंबी, कोबी, कंद, खारवलेल्या काकड्या आणि भरडलेल्या धान्यांची मोठी पाकपरंपरा तिथं तयार झाली. बकव्हीट, म्हणजे उत्तर भारतात उपासाला चालणारा कुट्टू, तिथं रोजच्या जेवणात असतो. 'पोस्त्नी' हा एक शब्द पाठ करा. त्याचा अर्थ उपासाचं. तो बऱ्याच ठिकाणी कामाला येतो.

आणि पाव. रशियन जेवणाचा जीव मेजवानीत नाही, काळ्या पावात आहे. गव्हाला मानवत नाही अशा थंड, हलक्या जमिनीत राय हे धान्य तग धरतं. आपली मोहरी-राई नव्हे, हे गव्हाचं भाईबंद. त्याचा पाव काळसर, आंबूस आणि जड. 'बोरोदिन्स्की' नावाच्या पावावर तर चक्क धने पेरलेले असतात. पहिला घास घेतल्यावर मराठी माणूस चमकतो तो त्या वासानं. पाहुण्याचं स्वागत पाव आणि मीठ देऊन करतात. पाहुणचारासाठी रशियनमध्ये जो शब्द आहे, त्यातही 'पाव' आणि 'मीठ' हेच दोन शब्द जोडलेले आहेत. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या भाषेला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या पावाची खरी किंमत कळते ती पीटर्सबर्गमध्ये. शहराचं नाव तेव्हा लेनिनग्राड होतं. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी त्याचे जमिनीवरचे सगळे रस्ते तोडले. वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ला, म्हणजे ८७२ दिवसांनी. त्या पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात, कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. कारकून, घरातली अवलंबून माणसं आणि मुलं यांना १२५ ग्रॅम. एक तुकडा! तोही निव्वळ धान्याचा नव्हे, लाकडाचा लगदासुद्धा मिसळलेला. सरकारी हिशेबानं सहा लाख बत्तीस हजार माणसं गेली. पुढच्या अभ्यासकांनी आकडा याहून बराच मोठा धरला आहे. बहुतेक माणसं भुकेनं गेली.

शहराच्या मध्यभागी सेंट आयझॅक चौक आहे. तिथं १९१२मध्ये उघडलेलं 'अस्तोरिया' हे नामांकित हॉटेल आहे. उंची सहलींचे गट उतरतात ते अशाच हॉटेलांत. वेढ्याच्या काळात या हॉटेलातही भुकेनं खंगलेल्या माणसांसाठी काही काळ इस्पितळ होतं. त्याच चौकात पिकांच्या वाणांची एक संस्था आहे. आज तिला निकोलाय वाविलोव यांचं नाव आहे. वाविलोव यांनी जगभर हिंडून धान्यांची, भाज्यांची, फळांची बियाणी गोळा केली होती. स्टालिनच्या राजवटीनं त्यांना १९४०मध्ये अटक केली आणि १९४३च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. वेढ्यात त्यांचे सहकारी त्या बियाण्यांची राखण करत होते. खोल्याखोल्यांत पोत्यांनी गहू, तांदूळ, मका, कडधान्यं. बाहेर सव्वाशे ग्रॅम पाव. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आणि भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव यांच्यासह कितीतरी जण उपासमारीनं गेले, पण पेरण्यासाठी ठेवलेला दाणा त्यांनी खाल्ला नाही. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणारा शेतकरी आपण ऐकून आहोत. ही माणसं शेतकरी नव्हती, आणि पीक त्यांच्या शेतात उगवायचं नव्हतं.

उंची सहलीच्या कार्यक्रमात ही संस्था सहसा नसते. शहराच्या उत्तरेला पिस्कार्योव्स्कोये नावाची दफनभूमी आहे. वेढ्यात मेलेले चार लाखांहून अधिक नागरिक तिथल्या सामूहिक कबरींत आहेत. लोक तिथं फुलांबरोबर पावाचे तुकडे ठेवतात. सहल निवडताना मी म्हणेन, कार्यक्रमपत्रिकेत ही जागा आहे का ते आधी बघा. रात्री सात पदार्थांची मेजवानी असेल, तर त्याच दिवशी सकाळी इथं जाऊन यावं. मेजवानीची चव त्यानं कमी होत नाही. पानात टाकायची इच्छा मात्र उरत नाही.

आता सध्याची परिस्थिती. मॉस्कोचे शेफ गेल्या दशकात जगात नावारूपाला आले. २०१४मध्ये रशियानं पाश्चात्त्य देशांच्या अन्नपदार्थांवर बंदी घातली, तेव्हा परदेशी चीज-मासे मिळेनात आणि त्यांना आपल्याच मातीत शोध घ्यावा लागला. व्लादिमीर मुखिन, बेरेझुत्स्की बंधू ही नावं त्यातून पुढं आली. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोतल्या उपाहारगृहांना प्रथमच मिशेलिनचे तारे मिळाले. चारच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. मिशेलिननं तिथलं काम थांबवलं. पाश्चात्त्य देशांतून येणाऱ्या उंची सहली जवळपास बंद पडल्या. भारतीयांना मात्र ऑगस्ट २०२३पासून ई-व्हिसाची सोय झाली आहे. पण आपल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्डं २०२२च्या मार्चपासून तिथं चालत नाहीत, तेव्हा रोख रक्कम लागते. युद्धामुळं विमानतळ अचानक बंद ठेवण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी जावं की न जावं, हा ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. तो स्वतःला विचारल्याशिवाय मात्र पैसे भरू नयेत.

जायचं ठरलं तर सहल कंपनीला तीन गोष्टी विचारा. शेफ खरोखर पूर्ण वेळ सोबत असणार, की एका रात्री येऊन फोटो काढून जाणार? मंडईत आणि साध्या खानावळीत जाणं होणार, की सगळी जेवणं हॉटेलातच? आणि एखादी दुपार मोकळी आहे का? ती असेल तर पीटर्सबर्गमध्ये बल्शाया कन्यूशेन्नाया रस्त्यावर १९५८पासून चालू असलेलं एक छोटंसं दुकान आहे, तिथं जा. पिठीसाखर भुरभुरलेले गरम तळलेले वडे आणि दुधाळ कॉफी मिळते. शेजारी शाळेची मुलं असतील, पेन्शनर आजीबाई असतील. त्यांतल्या एखादीच्या आईनं कधीकाळी सव्वाशे ग्रॅमचा तुकडा घरात समान वाटला असेल. तिच्या बशीकडे नीट बघा. खाऊन झाल्यावर बशीत चूरसुद्धा उरलेला नसेल.