मोटारीची काच खाली येईना तेव्हा

आमच्या बाबांची टॅक्सी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाते-येते. घाटात ज्यांना मळमळते त्यांना पुढची डावीकडची जागा द्यायची, ही टॅक्सीवाल्यांची जुनी रीत. गेल्या पावसाळ्यात नेमकी त्याच जागेची काच वर गेली ती खाली येईचना. कणकुंबीच्या पुढे एका आजींना कसेसे होऊ लागले. बाबांनी गाडी बाजूला घेऊन दार उघडेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. अधिक वर्णन करीत नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात चालकाकडचे बटण दोनदा दाबून निदान सांगण्यात आले : "मोटर गेली. मशीनसकट बदलावी लागेल. साडेचार हजार." त्याच आठवड्यात गाडीचा हप्ता होता. बाबा काही न बोलता गाडी घेऊन परत आले आणि संध्याकाळी आम्ही दोघे एका वृद्ध इलेक्ट्रिशियन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, "म्याल बरतैतेनु?" म्हणजे वर येते का? आम्ही एकमेकांकडे पाहिले. खाली जात नाही एवढेच आम्हाला ठाऊक. वर येते की नाही हे पाहायचे कोणाला सुचलेच नव्हते. त्या एका प्रश्नामुळे हा लेख लिहितो आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा शास्त्र शाखेच्या मित्रांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

अँबॅसिडर किंवा मारुती ८०० ज्यांच्या घरी होती त्यांना दारातले हँडल आठवत असेल. ते फिरवले की काच वर-खाली होई. आता हँडलाचे काम एक छोटी मोटर करते. तिला बारा व्होल्टची वीज लागते आणि दोन तारा असतात. पहिल्या तारेतून वीज आत शिरून दुसरीतून बाहेर पडली की मोटर एका दिशेने फिरते, उलट झाले की उलट दिशेने. काच वर नेणारी आणि खाली आणणारी मोटर एकच. जमा आणि नावे या बाजू बदलल्या, एवढाच फरक. म्हणून काच वर जात असेल आणि खालीच येत नसेल, तर मोटर आणि फ्यूज या दोघांवरचा आरोप बहुधा तिथेच गळून पडतो. मेस्त्रींच्या प्रश्नात एवढे सगळे होते.

काच दोन्हीकडे हलत नसेल तर कान द्यावा. बटण दाबल्यावर आतून मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण काच जागची हलत नाही? मग वीज ठीक आहे. काच उचलणाऱ्या यंत्रणेची दोरी तुटली असेल किंवा प्लास्टिकची पकड मोडली असेल. गॅरेजातले लोक तिला 'मशीन' म्हणतात. आवाजच नसेल तर दार उघडे ठेवून आतला दिवा लावावा आणि बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला, तर मोटर वीज ओढते आहे पण अडली आहे. काचेच्या कडेचे रबर धुळीने व उन्हाने सुकून काच धरून ठेवते तेव्हा असे होते. तिथे सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीस किंवा इंजिनचे तेल लावू नये, त्याने रबर फुगते. दिवा जराही मंदावला नाही, तर मोटर वीज ओढतच नाही. अशा वेळी बटण दाबून धरून दारावर मुठीने थाप मारावी. तेवढ्याने काच हलली तर मोटरीतले कार्बन झिजलेले असण्याचा संभव मोठा, आणि तेव्हा मात्र मोटर बदलण्याला इलाज नाही. बटण फार वेळ दाबून ठेवल्यास पुष्कळशा मोटरी तापून स्वतःच बंद पडतात व काही मिनिटांनी पुन्हा चालू होतात. ती मेली असे समजून रडू नये.

फ्यूज पाहणे सोपे आहे. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची विद्या आपल्याकडे सर्वांना येते; ती इथे वापरू नये, तारा पेटतात. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे चालकाच्या दारावरचे कुलपाचे बटण. लहान मुलांनी काचा उघडू नयेत म्हणून ते असते. ते चुकून दाबले गेले की बाकीच्यांची बटणे मुकी होतात, चालकाचे मात्र चालते. ही तपासणी फुकट आहे.

आता आमच्या काचेकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. तिला दोन बटणे : एक तिच्या स्वतःच्या दारावर, दुसरे चालकाच्या दारावर. मेस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही चारही गोष्टी करून पाहिल्या. चालकाच्या बटणाने काच वरही जाईना आणि खालीही येईना. तिच्या स्वतःच्या बटणाने काच वर जाई (ती वरच होती, पण घट्ट आवळल्याचा आवाज आला), खाली मात्र येईना.

मेस्त्री हसले आणि म्हणाले, एकच तार तुटली आहे. मला ही जादू वाटली. मग त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढली. साध्या जोडणीच्या गाड्यांत डाव्या दाराच्या बटणापासून दोन तारा चालकाच्या बटणापर्यंत जातात, आणि कोणी काही दाबत नसताना दोन्ही तारा तिथे अर्थला जोडलेल्या असतात. डाव्या बटणाला वीज जवळच मिळते. तिला परत जायला वाट लागते ती या दोन तारांपैकी एकीची. वर नेताना एक तार वाट देते, खाली आणताना दुसरी. चालकाने बटण दाबले तर एकीतून वीज जाते आणि दुसरीतून परत येते, म्हणजे दोन्ही शाबूत हव्यात. एक तुटली की डावे बटण अर्धे चालते आणि चालकाचे अजिबात चालत नाही. अगदी आमच्यासारखे!

तेरीज जुळेना आणि फरकाला नऊने भाग गेला, तर आमचे सर आधी अंकांची अदलाबदल शोधायला सांगतात. फरक कुठे पाहायचा हे फरकच सांगतो. तसेच हे.

तार तुटली कुठे? दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीपाशी रबराची एक नळी असते. सगळ्या तारा तिच्यातून जातात आणि दार उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी वाकतात. सर्वांत जास्त कोणते दार उघडते? चालकाचे. मेस्त्रींनी मला डावे बटण खालच्या बाजूला दाबून धरायला लावले आणि स्वतः उजवे दार हळूहळू हलवू लागले. तीन-चार हेलकाव्यांनंतर डावी काच झटक्याने चार बोटे खाली आली आणि थांबली. डाव्या काचेचे दुखणे उजव्या दारात होते.

बॅटरीची ऋण तार सोडवून त्यांनी रबर सरकवले. एक तार वरून धडधाकट, आतले तांबे तुटलेले. त्यांनी मध्ये वीतभर नवी तार घालून डाग दिला. तुटलेली टोके ओढून आखडती जोडली असती तर महिन्याभरात पुन्हा तुटली असती. जोड वाकण्याच्या जागेपासून दूर घेतला. मजुरी दीडशे रुपये.

महागड्या नव्या गाड्यांत बटण फक्त संदेश देते आणि वीज सोडण्याचे काम संगणक करतो. तिथे ही आकृती लागू पडत नाही. आणि दाराचे आतले कव्हर स्वतः उघडायचे झाले तर काच वर चिकटपट्टीने बांधून मगच हात घालावा, ती अचानक घसरते. कव्हरमागचा प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवावा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पाणी आत येते.

बाबांनी निघण्यापूर्वी ती काच खाली-वर केली. मग पुन्हा केली. चौथ्या वेळी मेस्त्री आतूनच ओरडले, "साक्रि, ब्याटरी इळीतैति!" पुरे हो, बॅटरी उतरेल.