बाहेरचा रंग सरकारचा, आतला ड्रायव्हरचा

शेवटच्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली ती ताडदेवच्या आरटीओत, २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी अधिकृतपणे टॅक्सीच्या धंद्यातून बाद झाली. त्या आठवड्यात तिच्यावर रकानेच्या रकाने लिहून आले. सगळ्यांना तिचे गोल दिवे आठवले, स्टिअरिंगजवळचा गिअर आठवला, हिंदी सिनेमातला पाऊस आठवला. पण त्या गाडीच्या आत बसून ज्यांनी तिला घडवलं, त्या ड्रायव्हरांच्या हातच्या कामाबद्दल मला कुठेच चार ओळी सापडल्या नाहीत. त्याची बोच अजून गेलेली नाही.

गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा जीव नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. सत्तरच्या दशकातली टॅक्सी बघायची असेल तर मुझफ्फर अलींचा ‘गमन’ हा चित्रपट बघावा.

मला सांगायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे तेव्हा एकेक करून बंद पडत होते आणि गिरणीतून सुटलेले कितीतरी हात टॅक्सीच्या स्टिअरिंगवर आले. माझा मामा त्यातलाच. त्याच सुमारास बाजारात स्वस्त वस्तूंचा पूर आला होता. कॅसेट प्लेअर आवाक्यात आले, रंगीत बारीक दिव्यांच्या माळा आल्या, फुलाफुलांचं रेक्झिन आलं. लॅमिंग्टन रोडवर स्पीकर मिळत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सीट शिवणाऱ्यांपासून जुन्या बंपरपर्यंत सगळं मिळे. टॅक्सीचा बाहेरचा रंग ठरलेला, अंग काळं आणि टप पिवळं. त्यात बदल करायला आरटीओची मनाई. त्यामुळे ड्रायव्हरची सगळी हौस आत वळली.

आणि आत काय काय होतं! मामाच्या गाडीचं छत गडद निळ्या मखमलीचं होतं. त्यावर चंदेरी टिकल्या, मधोमध डायमंडच्या आकारात शिवलेली लाल रेक्झिनची पट्टी आणि त्या पट्टीच्या प्रत्येक टाक्यावर एक पितळी बटण. ते काम शिवडीच्या एका शिंप्याने केलं होतं. तो दिवसा शाळेचे गणवेश शिवायचा आणि रात्री टॅक्सीची छतं. स्टिअरिंगला हिरव्या-पिवळ्या प्लास्टिकच्या वायरचं विणकाम. डॅशबोर्डवर मखर, मखरात गणपती, आणि ब्रेक दाबला की गणपतीमागे लाल दिवा लागे. मागच्या काचेवर रेडियमच्या अक्षरांत ‘आईची पुण्याई’. अक्षरं हाताने कापलेली, वेलांटीचा शेवट नागाच्या फण्यासारखा वळवलेला. ती कापणारा माणूस गाडीमागे पोतं अंथरून बसायचा आणि ब्लेडने एकेक अक्षर थेट रेडियमवर उतरवायचा, पेन्सिलीची रेघ न मारता.

गाडी मामाच्या मालकीची नव्हती. दिवसपाळीला तो आणि रातपाळीला उत्तर प्रदेशातला एक ड्रायव्हर, दोघांनी रोजचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे. एका गाडीत दोन माणसांची हौस कशी मावली, हे मी जवळून पाहिलंय. गणपतीच्या मखराला लागून ७८६ ची हिरवी पाटी होती, आणि कुणी कुणाचं हलवलं नाही. भांडण व्हायचं फक्त गिअरच्या मुठीवरून. मामाची मूठ पारदर्शक, आत लाल गुलाब. दुसऱ्याची चौकोनी, आत ताजमहाल. मुठीला आटे असतात. पाळी बदलताना मामा आपली मूठ फिरवून काढायचा, रुमालात बांधून घरी आणायचा आणि सकाळी पुन्हा बसवायचा. मामी म्हणायची, “अहो, ती काय सोन्याची आहे?” तो काही बोलायचा नाही. आठ-दहा तास जी वस्तू हातात धरायची, ती आपली असावी इतकंच त्याचं म्हणणं असणार.

पद्मिनीत हे सगळं जमलं, कारण ती गाडी साधी होती. डॅशबोर्ड पत्र्याचा, सपाट, भोक पाडायला सोपा. छताचं अस्तर आडव्या तारांवर ताणलेलं. ते उसवून दुसरं लावायला कंपनीच्या माणसाची गरज नव्हती, चांगला शिंपी पुरे. दरवाजाचं आतलं कव्हर चार स्क्रू काढले की हातात. उभ्या वायरिंगमध्ये कुठल्या तारेतून ब्रेकचा दिवा घ्यायचा, हे नाक्यावरच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला पाठ. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि डिकीतली जागा सिलिंडरने खाल्ली, तेव्हा टपावरचे कॅरिअर महत्त्वाचे झाले. मग त्यांच्यावरही कारागिरी सुरू झाली. कुणी चकचकीत नळ्यांची जाळी करून घेतली, कुणी कडेला कमळं वेल्ड करून घेतली. अडचण आली की तिच्यातून नक्षी काढायची, ही त्या माणसांची रीतच होती.

त्या काळात शिकल्यासवरल्या लोकांनी या सजावटीला काय काय म्हटलं ते मला आठवतं. भडक, गावठी, डोळ्याला त्रास. इंग्रजी पेपरांतले लोक ‘किच’ म्हणून हसायचे. हेच लोक राजस्थानच्या हवेलीतलं रंगकाम बघायला पैसे खर्च करून जात. आरसे, लाल-निळा-सोनेरी यांची बेधडक संगती तिथे कला ठरते. आपल्याला घरी सोडणाऱ्या माणसाने तीच संगती आपल्या डोक्यावर ताणली की ती गावठी होते. हा अन्याय होता आणि मी तो विसरलेलो नाही.

२०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाचा उपक्रम आला. तरुण डिझायनरांनी टॅक्सीची छतं आणि सीट छापील कापडाने मढवली, आणि जगभरच्या मासिकांनी त्याची दखल घेतली. कामं देखणी होती, डिझायनरांना त्यातून ओळख मिळाली, याचा आनंदच आहे. पण टॅक्सीच्या छताला कॅनव्हास समजण्याची कल्पना तेव्हा नवी असल्यासारखं लिहिलं गेलं, ते खोटं होतं. वीस वर्षं आधी शिवडीचा शिंपी तेच करत होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आता मी कुठल्याही अ‍ॅपवरून गाडी बोलावतो तेव्हा पांढरी गाडी येते. करडं प्लास्टिक, करडं छत, पारदर्शक सीट कव्हर, मोबाईलचा स्टँड. नव्या गाडीचं छत साच्यातून निघालेलं, डॅशबोर्डमध्ये एअरबॅग, वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाते. एअरबॅग हवीच, माणसाच्या जिवापुढे मखर मोठं नाही. पण एवढ्यानेच गाडीचा आतला भाग मुका झालेला नाही. बऱ्याच ड्रायव्हरांची गाडी हप्त्यावरची किंवा फ्लीटची, आज ही तर उद्या दुसरी. वर प्रत्येक प्रवासी उतरताना तारे देणार. उदबत्तीचा वास आवडला नाही, तारा कमी. गाणं आवडलं नाही, तारा कमी. मध्यंतरी एका तरुण ड्रायव्हरला मी विचारलं की गाडीत काहीच का लावलेलं नाही. तो म्हणाला, “काका, कुणाला काय खटकेल सांगता येत नाही. कोरी ठेवलेली बरी.” भाड्यासाठी स्वतःला गाडीतून पुसून टाकणं त्याने किती सहज स्वीकारलंय, याने मी हादरलो. मामाची गाडीही मालकाचीच होती, तरी ती आतून त्याची होती. या पोराकडे तेवढंही नाही.

मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने काही वर्षांपूर्वी निदान एक काळी-पिवळी जपून ठेवा अशी मागणी सरकारकडे केली होती. तिचं काही झालं नाही. हौशी लोक आता जुन्या पद्मिनी शोधून दुरुस्त करतात आणि त्यात पहिलं काम करतात ते आतलं सगळं उचकटून गाडी ‘ओरिजिनल’ करण्याचं. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी हाती लागली, तर इंजिन खुशाल उघडा, पत्रा बदला. पण छत फाडू नका, काचेवरची अक्षरं खरवडू नका, गिअरची मूठ भंगारात टाकू नका. जमलं तर ते छत कुणी शिवलं, ती अक्षरं कुणी कापली, हे जुन्या मालकाला विचारून कागदावर लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत आणि त्यातली बरीच गावाला परतली आहेत.