टेकू

पहाटे ५.३०
दारापुढं ट्रॉलीवर १४ फुटी फायबरची बोट, तिच्या पाठीला ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. बचाव पथकातली पोरं त्याला ओबीएम म्हणतात, मी मशीनच म्हणतो. आज पेनटाकळी धरणाच्या पाण्यावर पावसाळ्याआधीची तालीम आहे. बोट तिथवर नेणं आणि आणणं माझ्याकडं.

दूधवाला नेहमीचंच विचारतो, "भाऊ, सरोवरात सोडता का आज?" सरोवर उशाशी असून लोणारात बोट दारात म्हणजे लोकांना गंमतच. अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. आणि परवानगी मिळाली तरी मी हे मशीन त्यात घालणार नाही. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, मशीनचं अंग ॲल्युमिनियमचं. क्षार ते खाऊन टाकतील.

६.००
आता खरं काम. मशीन सरळ खाली सोडून नेता आलं तर सगळ्यात बरं, वजन नीट पाठीवर बसतं. पण खाली सोडलं की पंख्याखालचं टोक जमिनीपासून वीतभर राहतं. आपल्या रस्त्यावरचे गतिरोधक त्याला सोडतील का? म्हणून मशीन उचलून न्यावं लागतं. उचललं की ७० किलोच्या वरचं धूड मागं लोंबतं आणि प्रत्येक धक्क्याला बोटीची पाठ उखडायला बघतं. बोल्टची भोकं रुंदावतात, आतल्या प्लायवूडला पाणी लागतं, मग ते कुजतं.

मशीनला स्वतःचा एक खटका असतो, वर अडकवून ठेवायचा. तो उभ्या बोटीत पंख्यातलं गवत काढण्यापुरता. रस्त्यावर त्याच्या भरवशावर जाऊ नये.

मी टेकू घरीच वेल्डिंग करून घेतलाय. दीड इंची पाइप, वरच्या टोकाला बेचक्यासारखी दोन बोटं, त्यांवर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा रबर. खालचं टोक ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीत पिनेनं अडकतं. मशीनचा पाय बेचक्यात टेकवायचा, वरून पट्टा आवळायचा, म्हणजे ते टेकूवरून उडत नाही. धक्का पाठीला बसायच्या ऐवजी ट्रॉलीच्या लोखंडात उतरतो.

पण त्याआधी बोटीचा मागचा भाग ट्रॉलीला करकचून बांधलेला हवा. बोट सैल राहिली तर ती उसळते, ट्रॉली जागेवर राहते, आणि टेकूच घणासारखा मशीनवर बसतो. टेकू हवाच, हे मी शिकलो ते नुकसान करून. दोन वर्षांपूर्वी टेकू नव्हता, बाभळीचा ठोकळा घातला होता. एका गतिरोधकावर तो निसटला, घरी आलो तर वरच्या बोल्टपाशी केसाएवढी चीर. चूक माझीच.

हँडल दोरीनं बांधलं, पेट्रोलची नळी काढली, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद केला. पंख्यावर पोतं, पोत्यावर लाल फडकं.

७.१५
सुलतानपूर. चहा नंतर, आधी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या हबला हात लावून बघतो. कोमट आहेत. चटका बसला असता तर बेअरिंग गेलं समजायचं. पट्टा दोन बोटं सैल झालाय. पहिल्या १०-१२ किलोमीटरला होतोच, पुन्हा आवळतो. हॉटेलातला एक म्हातारा टेकूकडं बघून म्हणतो, "बैलगाडीले लावतो तसा शिपाई लावला की!" बैल सोडल्यावर जुवाखाली देतात तो. बरोबर ओळखलं.

८.३०
मेहकर ओलांडून पेनटाकळी. उन्हाळ्यानं पाणी आत गेलंय, काठाला काळा गाळ. पाण्यात मागं जायच्या आधी, कोरड्यातच, टेकू काढायचा आणि बोटीचं बूच लावायचं. रस्त्यानं येताना बूच काढलेलं असतं, साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून. घाईत एखादा नेमका तेच विसरतो.

९.०० ते २.००
तालीम. पोरं बुडतात, पोरं वाचवतात. माझं लक्ष मशीनच्या बाजूनं उडणाऱ्या बारीक धारेवर. लोणारच्या माणसाला धार म्हटलं की गोमुखाच्या झऱ्याची आठवते, पण ही धार तुटली तर मशीन तापतंय. एकदा तुटली. बंद केलं, पाणी ओढायच्या जाळीवरचा शेवाळाचा गुंता बोटानं काढला, पुन्हा चालू.

दुपारी ३.००
बोट वर. मशीन पाच मिनिटं सरळ खाली सोडलं, आतलं पाणी गळून गेलं. मग पुन्हा उचल, टेकू, पिन, पट्टा. पथकातला नवा पोरगा म्हणतो, "दादा, येताना काही झालं नाही, जाताना कशाला?" मी पट्ट्याचं टोक त्याच्याच हातात दिलं.

सायंकाळी ६.३०
घर. नळाच्या गोड्या पाण्यावर दहा मिनिटं मशीन चालवून आतला गाळ धुतला. टेकू काढताना दिसलं, बेचक्याच्या डाव्या बोटावरचा रबर घासून आतलं लोखंड उघडं पडलंय, उजव्याचा तसाच. म्हणजे मशीन एका अंगाला कलून बसत होतं. पिनेचं भोक बघितलं, लांबट झालंय. उद्या वेल्डिंगवाल्याकडं, आणि ट्यूबचा नवा तुकडा.