हजार खुर्च्या, पन्नास हजार खुर्च्या आणि मधली पोकळी

एका बाजूला १ कोटी ३० लाख लोक, दुसऱ्या बाजूला सुमारे दीड लाख तिकिटं. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी कोल्डप्लेच्या नेरूळमधल्या कार्यक्रमांची विक्री ‘बुकमायशो’वर सुरू झाली, तेव्हाचे हे आकडे. भागाकार केला तर एका तिकिटामागे ८६-८७ इच्छुक येतात. अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली, पुनर्विक्रीत लाखांची भाषा सुरू झाली आणि मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा चौकशीला लागली. पुढे १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ या तीन दिवशी डी. वाय. पाटील स्टेडियम ओसंडून वाहिलं.

तेव्हापासून नवी मुंबईचं नाव ‘मैफलींची राजधानी’ म्हणून घेतलं जाऊ लागलं. पण एका बँडच्या तीन रात्रींवरून शहराचा हिशेब मांडता येत नाही. त्यासाठी मी मुद्दाम एक वेगळा नमुना घेतो: दोघंही नामवंत गायक असलेलं जोडपं, दोघांची नावं जाहिरातीत बरोबरीने, आणि कार्यक्रम दहा-पंधरा हजार खुर्च्यांच्या बंदिस्त अरिनात. अमेरिकेत हा धंदा चांगला रुळलेला आहे. तो इथे उभा राहील का, हे पाहताना आपल्याकडे नेमकं काय कमी आहे ते लक्षात येतं.

जोडीचा ताळेबंद

टिम मॅकग्रॉ आणि फेथ हिल ही अमेरिकी कंट्री संगीतातली सर्वात ठळक जोडी. १९९६ च्या दौऱ्यात मॅकग्रॉ मुख्य गायक होता आणि हिल त्याच्या आधी गाऊन श्रोत्यांना तापवणारी. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला दोघांचं लग्न झालं. १९९९ मध्ये हिलचा ‘ब्रीद’ हा अल्बम तुफान चालला आणि २००० मध्ये ‘सोल टू सोल’ दौरा निघाला तेव्हा दोघांची नावं एकाच ओळीत होती.

या दौऱ्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये निघाली. सत्तरहून अधिक कार्यक्रम, सुमारे ११ लाख श्रोते आणि जवळपास ८ कोटी ९० लाख डॉलर तिकीटविक्री. तेव्हाच्या ४५ रुपयांच्या दराने ही रक्कम ४०० कोटी रुपये होते. दर कार्यक्रमाला सरासरी १५ हजार माणसं आणि दर तिकिटामागे ८१ डॉलर, म्हणजे साधारण ३,६०० रुपये.

शेजारी दुसरी जोडी ठेवू. बियॉन्से आणि जे-झी यांचा २०१८ चा ‘ऑन द रन २’ दौरा ४८ कार्यक्रमांचा होता, विक्री सुमारे २५ कोटी ३५ लाख डॉलर आणि तिकिटं २१ लाखांच्या वर. म्हणजे दर रात्री ४५ हजार माणसं. हा स्टेडियमचा आकडा झाला आणि मॅकग्रॉ-हिलचा अरिनाचा. बियॉन्सेच्या ताकदीची नावं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पंधरा हजार माणसं जमवू शकणारे गायक मात्र प्रत्येक भाषेत, प्रत्येक शैलीत दोन-चार सापडतात. धंद्याचा कणा तेच असतात.

एकत्र गाण्यात फायदा कुठे?

समजा, दोन गायक आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे सात हजार श्रोते मिळतात. तिकीट २,००० रुपये धरलं तर प्रत्येकी उत्पन्न १ कोटी ४० लाख. सभागृह, ध्वनी, प्रकाश, वाहतूक, वादक, जाहिरात आणि सुरक्षा मिळून खर्च १ कोटी धरू. प्रत्येकाकडे ४० लाख उरले, दोघांचे मिळून ८० लाख.

आता दोघांनी एकच कार्यक्रम केला. ध्वनियंत्रणा एकच, ट्रक तेच, जाहिरात एकच, फक्त वादक आणि तालमी वाढल्या. खर्च १ कोटी ३० लाखांवर गेला असं मानू. श्रोते मात्र १४ हजार होणार नाहीत, कारण काही जण दोघांचेही चाहते असतात. असे सामायिक श्रोते ३० टक्के, म्हणजे २,१०० असतील तर एकूण ११,९०० माणसं येतील. उत्पन्न २ कोटी ३८ लाख, शिल्लक १ कोटी ८ लाख. वेगवेगळं गाण्यापेक्षा २८ लाख जास्त.

सामायिक श्रोते निम्मे, म्हणजे साडेतीन हजार असतील तर? माणसं १०,५००, उत्पन्न २ कोटी १० लाख, शिल्लक ८० लाख. फायदा शून्य. निम्म्याच्या पुढे गेलात की तिकीट महाग करावं लागतं, नाहीतर एकत्र गाणं तोट्यात जातं. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यातला नियम खरा आहे. चाहते जितके वेगळे, तितकी जोडी फायद्याची.

मग नवरा-बायकोच्या जोडीला वेगळं काय मिळतं? दोन परके कलाकार एकत्र आले की वाटाघाटींचा घोळ सुरू होतो. शेवटी कोण गाणार, पोस्टरवर कुणाचं नाव आधी, मानधनाची विभागणी साठ-चाळीस की निम्मी-निम्मी, दोन व्यवस्थापक, दोन वकील. जोडप्याचं मानधन एकाच घरात जातं, त्यामुळे यातला बराच खर्च आणि कटकट गळून पडते. शिवाय दौरा वर्षभर चालला तरी मुलांसकट संसार सोबत हलवता येतो.

जोखीमही तशीच एकवटते. एकाचा घसा बसला की दोघांची कमाई थांबते. आपल्याकडे याचं सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे जगजित आणि चित्रा सिंग. सत्तरच्या दशकापासून या दांपत्याने गझलेची मैफल एका नावासारखी चालवली. १९९० मध्ये मुलगा विवेक अपघातात गेला आणि चित्राजींनी गाणं कायमचं थांबवलं. पुढची दोन दशकं, २०११ मध्ये निधन होईपर्यंत, जगजितजी एकटे गात राहिले.

नेरूळ आणि वाशी

वर निघालेला साडेदहा ते बारा हजारांचा आकडा घेऊन नवी मुंबईत जागा शोधायला निघू.

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये उघडलं. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यात छताला मधले खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही मैदान स्वच्छ दिसतं. क्रिकेटसाठी क्षमता ५० हजारांच्या आसपास. १० मे २०१७ ला जस्टिन बीबर, १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू आणि मग कोल्डप्ले, अशी ठळक परदेशी नावं इथे येऊन गेली. पण इथे १२ हजार माणसं बसवली तर चारातल्या तीन खुर्च्या रिकाम्या दिसतात, खर्च मात्र पूर्ण स्टेडियमचा. कुठलाही आयोजक हे करणार नाही.

दुसरं टोक वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. हजाराच्या आसपास खुर्च्या, आणि मराठी नाट्यगृहांच्या रिवाजाप्रमाणे सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं. तिथे १२ हजार श्रोत्यांसाठी बारा प्रयोग लावावे लागतील. वाशीतलं सिडकोचं प्रदर्शन केंद्र मोठं आहे, पण ते प्रदर्शनांसाठी बांधलेलं. खाडीपलीकडे वरळीच्या एनएससीआय डोममध्ये काही हजारांची सोय होते, वांद्र्याच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या मोठ्या रंगमंदिरात २,००० जण बसतात. मोठे कार्यक्रम मग महालक्ष्मी रेसकोर्स नाहीतर बीकेसीच्या मैदानावर जातात.

थोडक्यात, काही हजारांच्या पुढे एकदम उघडं मैदान. मैफलींसाठी बांधलेली दहा-पंधरा हजारांची छपराखालची जागा महामुंबईत नाही.

रात्रीचे दहा आणि पावसाळ्याचे चार महिने

अशी मधल्या मापाची, छपराखालची जागा नसल्याची किंमत तीन आकड्यांत मोजता येते.

पहिला आकडा रात्री १०. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात फार तर १५ दिवस, आणि त्यात गणपती-नवरात्र आलेच. बंदिस्त सभागृहाला ही अट नाही. उघड्या मैदानावर पाच-साडेपाचला सुरुवात करावी लागते आणि नोकरदार श्रोता तेव्हा लोकलमध्ये असतो.

दुसरा आकडा चार. मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग बाद. त्यापुढे एप्रिल-मेचा घाम. उरलेल्या चांगल्या महिन्यांत स्टेडियमवर पहिला हक्क क्रिकेटचा. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर, ऐन मैफलींच्या हंगामात.

तिसरा आकडा सात. कार्यक्रम सुटल्यावर ५० हजारांपैकी निम्मे लोक रेल्वेने निघाले आणि बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेतीन हजार माणसं कोंबली, तरी सात गाड्या लागतात. त्याही पूर्ण रिकाम्या यायला हव्यात, आणि हार्बरची लोकल पनवेल-बेलापूरहून माणसं घेऊनच नेरूळ, जुईनगरला येते. १२ हजार श्रोत्यांसाठी हाच हिशेब दोन गाड्यांवर येतो. पहिल्या प्रकारात पोलिसांना शहरभर बंदोबस्त लावावा लागतो. दुसऱ्या प्रकारात स्टेशनवर नेहमीच्या संध्याकाळच्या गर्दीइतकीच गर्दी होते.

मराठी जोडी आणि पाचशेची रेघ

आता घरच्या जोड्यांकडे वळू. ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वातून घराघरांत पोचलेले मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे २१ डिसेंबर २०२३ ला विवाहबद्ध झाले. त्याच पर्वातल्या रोहित राऊतने २०२२ मध्ये गायिका जुईली जोगळेकरशी लग्न केलं. त्यांच्याआधीच्या पिढीत हृषीकेश आणि प्राजक्ता रानडे. दोघंही गायक असलेली जोडपी मराठीत दुर्मीळ नाहीत.

वरचा सामायिक श्रोत्यांचा नियम यांना लावून पाहा. एकाच टीव्ही कार्यक्रमातून आलेल्या दोघांचा श्रोता बहुतेक एकच. त्यामुळे एकत्र आल्याने प्रेक्षक दुप्पट होत नाहीत. फायदा खर्चाच्या बाजूला होतो: तोच तबला-पखवाज, तीच हार्मोनियम, तोच निवेदक, तोच गाडीखर्च, आणि नाट्यपद, अभंग, युगुलगीत अशी पदरची विविधता. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात बचतीचं हे गणित बरोबर बसतं.

पण या गणिताला वरून झाकण आहे, आणि ते जीएसटीत दडलंय. संगीताच्या कार्यक्रमाचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त, त्यापुढे १८ टक्के. आयोजकाने तिकीट ५०० ठेवलं तर श्रोता ५०० देतो. आयोजकाने फक्त दहा रुपये वाढवले, ५१० केले, तर श्रोत्याला ६०१ रुपये ८० पैसे मोजावे लागतात. आयोजकाच्या हाती दहा रुपये जास्त, श्रोत्याच्या खिशातून १०१ रुपये ८० पैसे जास्त. साहजिकच बरेच आयोजक पाचशेच्या रेघेखाली थांबणं पसंत करतील. त्यात आणखी एक मेख आहे. करमुक्त तिकिटावर ध्वनी-प्रकाशाच्या भाड्यात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्च अंगावर पडतो.

म्हणजे सगळी तिकिटं सरसकट ५०० ची विकली तरी हजार खुर्च्यांचं उत्पन्न पाच लाखांवर थांबतं. मागच्या रांगा स्वस्त असतात, म्हणून प्रत्यक्षात चारच्या आसपास धरा. त्यात नाट्यगृहाचं भाडं, आठ-दहा वादक, ध्वनियोजक, जाहिरात आणि दोन गायक. तीन-चार हजारांची जागा असती तर तेच ५०० चं करमुक्त तिकीट पंधरा-वीस लाख उभे करू शकलं असतं. दर न वाढवता उत्पन्न वाढवायचा मार्ग एकच: जास्त खुर्च्या.

अरिना आला तर

सिडकोने २०२५ मध्ये नवी मुंबईत बंदिस्त अरिना उभारण्याचा प्रस्ताव मांडला: सुमारे २० हजार आसनं, उभ्याने धरून २५ हजार. लंडनचा ओ-टू किंवा न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन याच मापाचं. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. जागा म्हणून नवी मुंबई योग्यच आहे.

समर्थनार्थ अहमदाबादचा आकडा पुढे केला जाईल. कोल्डप्लेच्या तिथल्या दोन कार्यक्रमांनी ६४१ कोटींची उलाढाल झाली, पैकी ३९२ कोटी शहरात, असं ईवाय-पार्थेनॉन आणि बुकमायशो यांचा अहवाल सांगतो. एक लक्षात ठेवावं की तिकिटं विकणारी कंपनीच या अहवालात भागीदार आहे. आणि सव्वादोन लाखांच्या आसपास प्रेक्षकांनी भागलं तर माणशी २८-२९ हजार रुपये येतात. हा बाहेरगावाहून विमानाने येऊन हॉटेलात राहणाऱ्याचा खर्च आहे. ऐरोली किंवा चेंबूरहून आलेला श्रोता वडापाव खाऊन रात्रीच्या लोकलने घरी जातो. अरिनाचं रोजचं गिऱ्हाईक तो असणार.

तेव्हा खरा प्रश्न वर्षाच्या ३६५ रात्रींचा आहे. अमेरिकेतल्या अरिनांना बास्केटबॉल आणि आइस हॉकी पोसतात. दोन्ही खेळांचा संघ एकाच छताखाली असेल तर नेहमीच्या हंगामातले ४१ अधिक ४१, म्हणजे ८२ दिवस आधीच भरलेले असतात, गायक उरलेल्या तारखांना येतात. आपल्याकडे कबड्डी, बॅडमिंटन धरले तरी याच्या जवळपास पोचणं अवघड. फक्त परदेशी दौऱ्यांच्या भरवशावर २० हजारांचं छप्पर वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद राहील.

अरिना भरायचा असेल तर इथल्या गायकांनी भरावा लागेल, आणि त्यासाठी तो लहान करता यायला हवा. पडदे आणि सरकत्या खुर्च्यांनी २० हजारांचं सभागृह चार-पाच हजारांचं करता येतं, जगभर ते केलं जातं. या लहान रूपाचं भाडं वेगळं आणि आधीच जाहीर हवं, आणि वर्षातल्या ठरावीक तारखा त्यासाठी राखीव. चार हजार खुर्च्या आणि ५०० चं करमुक्त तिकीट मिळून २० लाख होतात. भाडं यात बसलं तर मराठी जोडप्याचा दौरा नाट्यगृहातून अरिनात जाऊ शकतो. नाही बसलं, तर सिडकोच्या निविदेत ‘२० हजार’ कितीही ठळक अक्षरांत छापलं तरी वाशीचा आयोजक पुन्हा भावे नाट्यगृहाचीच तारीख मागेल.