खेळाडूंची हर्रासी : भाव नेमका कशाचा?

आयपीएलच्या लिलावाच्या दिवशी होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅचपेक्षा जास्त गर्दी होते. हातोडा पडला की पहिला प्रश्न ठरलेला, "अबे, एवढे पैसे कायले देते हे लोक?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मंग त्याले काहून नाही घेतलं?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं खेळाडूच्या बॅटमध्ये कमी आणि संघाच्या हिशोबाच्या कागदावर जास्त असतात. तो कागद कसा वाचायचा, हे आपल्याच वऱ्हाडातल्या दोन पोरांच्या उदाहरणावरून पाहू. एक अमरावतीचा जितेश शर्मा, दुसरा आपल्या अकोल्याचा अथर्व तायडे.

आधी गणित

२०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. खेळाडू कमीत कमी १८, जास्तीत जास्त २५. त्यात परदेशी ८ पर्यंत, आणि मैदानावरच्या अकरात फक्त ४. कॉम्प्युटरवाल्यांना हा सरळसरळ नॅपसॅक प्रॉब्लेम वाटेल, मेकॅनिकलवाल्यांना ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर आठवेल!

लिलावाआधी संघाने भारताकडून किंवा स्वतःच्या देशाकडून खेळलेले ५ जुने खेळाडू राखले, तर पर्समधून १८, १४, ११, १८ आणि १४ असे ७५ कोटी वजा होणार होते. म्हणजे उरलेल्या २० जागांसाठी ४५ कोटी. त्यातही एखादा चांगला वेगवान गोलंदाज घेतला की पर्स निम्मी रिकामी. म्हणूनच यादीच्या शेवटच्या जागा मूळ किमतीत भरल्या जातात. ही किमान किंमत २०२२ साली २० लाख होती, २०२५ साठी ३० लाख झाली. लहान गावातली पोरं आयपीएलमध्ये शिरतात ती बहुधा याच दारातून.

२० लाखांचे ११ कोटी

जितेशला २०१६ साली मुंबई इंडियन्सने १० लाखांत घेतलं, पण त्यांच्याकडून त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०२२ साली पंजाब किंग्जने त्याला २० लाखांत घेतलं आणि त्याने दणादण धावा केल्या. २०२३ च्या हंगामात ३०९ धावा, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत भारताकडून पदार्पण. मग भाव का नाही वाढला?

इथेच कराराची खरी मेख आहे. लिलावातली बोली ही एका हंगामाची फी असते. पुढच्या हंगामात खेळाडूला ठेवायचं की सोडायचं, हे संघ ठरवतो. ठेवलं, तर तो त्याच मूळ कराराच्या चौकटीत राहतो. दुसरा संघ जास्त द्यायला तयार असला, तरी आपण होऊन उठून जाता येत नाही. बाजारभाव उघडतो तो मोठ्या लिलावात, आणि तो तीन-चार वर्षांतून एकदा येतो.

जितेशसाठी तो दिवस आला २४ नोव्हेंबर २०२४ ला, जेद्दाहमध्ये. मूळ किंमत १ कोटी. बोली बेंगळुरूच्या नावावर ७ कोटींना थांबली. तेव्हा पंजाबने 'राइट टू मॅच' हा हक्क वापरला, म्हणजे तितक्याच पैशांत आपला जुना खेळाडू परत घेण्याचा. पण त्या वर्षी नियमात एक भर होती : सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला आकडा वाढवण्याची आणखी एक संधी. बेंगळुरूने थेट ११ कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली.

आता बघा, वरचे ४ कोटी कशाचे? जितेश त्या दोन मिनिटांत काही जास्त चांगला खेळायला लागला नव्हता. ते ४ कोटी पंजाबचा दरवाजा बंद करण्याचे होते. दिनेश कार्तिक निवृत्त झाल्यामुळे बेंगळुरूकडे शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणाऱ्या यष्टिरक्षकाची जागा रिकामी होती. सौदा फळला. २७ मे २०२५ ला लखनौत त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, आणि ३ जूनला बेंगळुरूने पहिल्यांदा चषक उचलला.

यादीचं दुसरं टोक

अथर्वलाही पंजाबने २०२२ साली २० लाखांतच घेतलं होतं. आयपीएलमध्ये पदार्पण झालं २०२३ ला. २०२५ साठी सनरायझर्स हैदराबादने ३० लाखांत घेतलं, पण संधी फारशी मिळाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या इराणी चषकात त्याने विदर्भासाठी १४३ धावा ठोकल्या, आणि पुढच्याच महिन्यात हैदराबादने त्याला यादीतून मोकळं केलं. अन्याय? कागदावर नाही. पाच दिवसांच्या क्रिकेटमधलं शतक वीस षटकांच्या हिशोबात धरत नाहीत, आणि डावखुऱ्या सलामीवीरांच्या जागा तिथे आधीच भरलेल्या होत्या.

पण या ३० लाखांचं वजन केवढं, तेही बघा. २०२१ च्या दराप्रमाणे रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला ४० हजार मिळतात, ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार. अकराच्या बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. साखळीतले सातही सामने खेळला, तर नव्या पोराचे होतात ११ लाख २० हजार. आयपीएलच्या यादीतली शेवटची जागासुद्धा दोन महिन्यांत त्याच्या अडीचपट देते. शिवाय २०२५ पासून प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख वेगळे. चार सामने खेळला की ३० लाखांचे ६० होतात!

आणि वरचा आकडाही कायमचा नसतो. विदर्भाच्याच उमेश यादवला गुजरातने २०२४ साठी ५ कोटी ८० लाखांना घेतलं. वर्षभराने मोठ्या लिलावात कोणीच बोली लावली नाही.

बाजार समितीपेक्षा कडक

आपल्याकडे तुरीची हर्रासी होते, तेव्हा भाव पटला नाही तर शेतकरी निदान माल परत नेऊ शकतो. खेळाडूला ती सोय नाही. नाव नोंदवून विकला गेल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन हंगामांची बंदी. २०२५ साली इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला ती बसली. आणि मूळ किंमत म्हणजे हमीभावासारखीच : जाहीर होते, पण घेणारा मिळेलच असं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलमध्ये बोलीच नसते. तिथे १९८६ पासून 'ड्राफ्ट' आहे : गेल्या हंगामात तळाला राहिलेला संघ नवा पोरगा आधी निवडतो. पगाराला मर्यादा तिथेही आहे. पण २०१२ पासून एकाच क्लबात आठ वर्षं काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर आपला पुढचा क्लब निवडण्याची वाट मिळाली. आपल्याकडे ती वाट नाही. मोठ्या लिलावाची वाट बघा, एवढंच.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी हातोडा पडला की तीन गोष्टी बघा : पर्समध्ये किती उरले होते, कुठली जागा रिकामी होती, आणि मागे बोली लावणारा दुसरा कोण होता. आकडा या तिघांचा असतो. खेळाडूची लायकी त्यातला एक भाग, सगळा भाग नव्हे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीत नाव नाही म्हणून रूमचं दार लावून बसलेल्या भावालाही हे सांगायला हरकत नाही. कंपनीकडे जागा किती होत्या, हे त्याच्या मार्कशीटवर लिहिलेलं नसतं.